ड्रॅग रेसिंगच्या गाडीचे प्लॅस्टिक मॉडेल: सांगाड्यापासून शेवटच्या नळीपर्यंत

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे मॉडेल बांधताना बॉनेट एकदा बंद केले की इंजिनातील निम्म्या उणिवा झाकल्या जातात. ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीच्या, गाडीत ही सोय नसते. तिचे इंजिन उघड्यावर असते, नळ्या आणि तारा डोळ्यांसमोर असतात, सांगाड्याच्या नळ्या मोजता येतात आणि चालकाच्या खांद्यावरील पट्टेसुद्धा दिसतात. त्यामुळे हा प्रकार नवशिक्याला अवघड वाटतो. तरीही सूक्ष्म काम शिकण्यासाठी याहून चांगला विषय मला सापडलेला नाही, कारण या गाडीवर शोभेसाठी बसवलेली वस्तू क्वचितच असते. प्रत्येक नळी कोठून तरी निघते आणि कोठेतरी पोहोचते. ती काय वाहून नेते हे समजले की मॉडेलवर ती कोठे चिकटवायची याचा फारसा प्रश्न उरत नाही, आणि हे न समजता कितीही तारा लावल्या तरी जाणकाराला ते इंजिन खोटेच वाटते. पुढील सर्व पायऱ्या याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

आधी गाडी आणि वर्ष ठरवावे

किट उघडण्यापूर्वी आपण कोणत्या वर्षाची गाडी बांधत आहोत हे निश्चित करावे. अमेरिकेत वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली आणि या खेळाला नियम मिळाले. पुढे दर काही वर्षांनी गाड्यांची रचना बदलत गेली. डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मार्च १९७० मध्ये लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर त्यांच्या पायांमधील ट्रान्समिशन फुटले आणि उजव्या पायाचा काही भाग गेला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी घडवली, १९७१ मध्ये ती जिंकू लागली आणि काही वर्षांतच पुढे इंजिन असलेले लांबट ड्रॅगस्टर सर्वोच्च गटातून जवळजवळ नाहीसे झाले. म्हणजे ‘ड्रॅगस्टर’ एवढा एकच शब्द आपल्याला पुरत नाही. १९६९ ची गाडी आणि १९७३ ची गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि एकीचे भाग दुसरीवर शोभत नाहीत.

पहिल्या मॉडेलसाठी माझी शिफारस फनी कारची आहे. फनी कार म्हणजे वरून ओळखीच्या मोटारीसारखी दिसणारी एकसंध फायबरग्लासची बॉडी आणि खाली नळ्यांचा संपूर्ण स्पर्धेचा सांगाडा. बॉडी मागच्या बिजागरीवर उचलली जाते, त्यामुळे मॉडेलमध्ये दारे किंवा डिकी उघडी ठेवण्याचा खटाटोप नसतो. रंगकामाचा सराव बॉडीवर होतो आणि बारीक कामाचा सराव सांगाड्यावर होतो. डॉन प्रुडहोम यांची पिवळी प्लिमथ बाराकुडा आणि टॉम मॅकएवन यांची लाल प्लिमथ डस्टर या १९७० मध्ये खेळण्यांच्या प्रायोजकत्वाखाली धावलेल्या गाड्या या प्रकारातील सर्वाधिक ओळखीच्या आहेत. पुढे इंजिन असलेला ड्रॅगस्टर दिसायला सोपा वाटतो, पण त्याच्या दोन बारीक आणि लांब नळ्या तंतोतंत सरळ ठेवणे नवख्या हातांना जड जाते, म्हणून तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवावा. अलीकडच्या टॉप फ्युएल, म्हणजे सर्वांत वेगवान गटातील, ड्रॅगस्टरचा व्हीलबेस ३०० इंच असतो, म्हणजे एकास पंचवीस या प्रमाणात फक्त दोन आसांमधले अंतरच साडेतीस सेंटिमीटर होते. एवढी लांब आणि सडपातळ वस्तू मध्येच बाक घेते.

गाडी ठरली की तिची छायाचित्रे जमवावीत, आणि शक्य तोवर ती एकाच हंगामातील असावीत. संघ दोन स्पर्धांच्या मध्ये इंजेक्टर (हवा आणि इंधन आत सोडणारा भाग), चाके आणि हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बदलत असत, त्यामुळे दोन वर्षांच्या छायाचित्रांची सरमिसळ केली तर कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार होते. आजच्या संग्रहालयात दिसणारी, नव्याने सजवलेली गाडी पाहतानाही सावध राहावे, कारण तिच्यावरील क्रोम आणि चकाकी अनेकदा मूळ गाडीपेक्षा जास्त असते.

साहित्य

साहित्याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. भाग ज्या चौकटीत जोडलेले येतात तिला स्प्रू म्हणतात. तो कापण्यासाठी एका बाजूने सपाट असलेली बारीक कटर, टोकदार पात्याचा हॉबी नाइफ, दोन-तीन बारीक कानशी, ४०० ते २००० क्रमांकाचा पॉलिशपेपर, चांगला चिमटा आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल एवढे पुरते. ड्रिलची पाती ०.३५ मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंतची घ्यावीत. सर्वांत बारीक पाती हमखास तुटतात, म्हणून त्या मापाची दोन-तीन जास्त असू द्यावीत.

चिकटवण्याची द्रव्ये मात्र समजून घ्यावी लागतात. पातळ सॉल्व्हंट सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करते, त्यामुळे सांगाडा आणि इंजिनाच्या ब्लॉकसाठी तेच योग्य आहे. परंतु रंगावर किंवा क्रोमवर ते काम करत नाही, म्हणून जोडाच्या जागेवरील रंग आधी खरवडावा लागतो. सुपरग्लू धातूच्या तारेसाठी वापरावा, पण त्याच्या वाफेने पारदर्शक भागांवर पांढरी साय धरते, त्यामुळे काचा नेहमी पांढऱ्या पीव्हीए गोंदानेच बसवाव्यात. फवाऱ्याचा रंग वापरताना सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क आणि वाहती हवा या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. धुळीसाठीचा साधा मास्क वाफेपुढे निरुपयोगी ठरतो.

कोरडी जुळवणी

सर्व भाग स्प्रूवर असतानाच कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवावेत, कारण साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा थर प्लॅस्टिकवर राहू शकतो आणि रंग तेथे धरत नाही. पाणी कढत नसावे, नाहीतर बारीक नळ्या वाकतात.

यानंतर डिंक न लावता, केवळ मास्किंग टेपच्या आधाराने संपूर्ण गाडी एकदा उभी करावी. सूचनापत्रकात ही पायरी सहसा नसते आणि नवशिक्यांना ती वेळेचा अपव्यय वाटते, पण फनी कारच्या बाबतीत तिच्यावाचून पुढे जाऊ नये. बॉडी खाली आली की चार ठिकाणी अडचण येते: पुढची चाके आणि चाकांच्या कमानी, मागच्या स्लिकच्या (रुंद, गुळगुळीत टायरच्या) बाहेरच्या कडा, हेडरची टोके, आणि सुपरचार्जरवरील (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्रावरील) इंजेक्टर ज्या छिद्रातून वर येतो ते छिद्र. माझ्या पहिल्या फनी कारमध्ये मी इंजिन पूर्ण रंगवून, सगळ्या तारा लावून सांगाड्यात कायमचे चिकटवले आणि मग बॉडी ठेवून पाहिली. इंजिन जेमतेम दीड मिलिमीटर मागे बसले होते. इंजेक्टर छिद्राच्या काठावर अडला, आणि ते इंजिन उपटताना तीन आठवड्यांचे काम गेले. तेव्हापासून प्रत्येक टप्प्यानंतर, अगदी रंगाचा एक थर चढल्यानंतरसुद्धा, मी बॉडी ठेवून पाहतो.

याच वेळी गाडीचा ठेका, म्हणजे ती जमिनीवर कशी बसते, तेही ठरवावे. छायाचित्रात नाक किती खाली आहे आणि मागचे चाक कमानीत किती शिरले आहे हे पाहून आसांच्या जागा थोड्या वरखाली कराव्या लागतात. हे काम नंतर करता येत नाही. ठेका चुकला तर बाकीचे सर्व काम उत्तम असूनही मॉडेल खेळण्यासारखे दिसते.

सांगाडा

सांगाड्याच्या नळ्यांवर साच्याच्या दोन अर्धांची रेघ उठलेली असते. ती पॉलिशपेपरने घासत बसल्यास गोल नळी चपटी होते. हॉबी नाइफच्या पात्याची पाठ नळीवर काटकोनात धरून अलगद खरवडावे आणि नंतर पॉलिशपेपरची बारीक पट्टी नळीभोवती, बूट पुसताना कापड फिरवतात तशी, फिरवावी. साच्यातील खिळ्यांनी पडलेले गोल खड्डे पुट्टीने, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात तिने, भरावेत. दिसणार नाहीत ते सोडून द्यावेत.

जोडणी नेहमी सपाट काचेवर करावी. काचेखाली आलेखाचा कागद ठेवला की दोन्ही बाजू समांतर आहेत का ते सतत दिसत राहते. सिमेंट लावल्यावर भाग टेपने धरून रात्रभर तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी चाके तात्पुरती लावून गाडी काचेवर ठेवावी आणि कागदाची पट्टी प्रत्येक चाकाखाली सरकवून पाहावी. जेथे पट्टी सहज आत जाते ते चाक हवेत आहे. सिमेंट पूर्ण कडक होण्यापूर्वी असा पीळ हलक्या हाताने काढता येतो, नंतर नाही.

इंजिन

येथे घाई करू नये. निम्मा वेळ याच भागाला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९७० च्या दशकातील नायट्रोवर, म्हणजे नायट्रोमेथेन या इंधनावर, चालणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये क्रायस्लरच्या ४२६ घन इंची हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनाची रचना आढळते, आणि त्याआधी ३९२ घन इंची हेमी लोकप्रिय होते. किटमध्ये कोणते आहे हे मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज देणाऱ्या यंत्राच्या, जागेवरून ओळखता येते: ४२६ मध्ये तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला तिरका बसतो, तर ३९२ मध्ये मागच्या बाजूला असतो. दोन्हींमध्ये स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध असतात, म्हणून प्रत्येक कव्हरवर ओळीने चार छिद्रे करून तारा तेथून आत न्याव्या लागतात. नवशिके त्या हेडरच्या बाजूने आत घुसवतात; इतर अनेक व्ही-आठ इंजिनांसाठी ते बरोबर असले तरी हेमीसाठी चूक आहे.

तारेची जाडी हिशेबाने ठरवावी. खऱ्या प्लगची तार सात ते आठ मिलिमीटर जाड असते, म्हणजे एकास पंचवीस प्रमाणात ती ०.२८ ते ०.३२ मिलिमीटर हवी. साधी विजेची बारीक तार तिच्या वेष्टनासह अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाते आणि ती लावल्यास इंजिनावर दोर गुंडाळल्यासारखे दिसते. इंधनाच्या नळ्या साधारण अर्धा ते पाऊण इंच जाड धरल्या तर त्यांच्यासाठी ०.५ ते ०.७५ मिलिमीटरची तार लागते. प्लगच्या तारा, इंधनाच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह कव्हरमधून वाफ बाहेर नेणाऱ्या नळ्या अशा तीन वेगवेगळ्या जाड्या एकाच इंजिनावर दिसल्या की ते जिवंत वाटू लागते.

मॅग्नेटोच्या टोपीवर कडेने आठ छिद्रे पाडावीत. क्रायस्लरच्या या इंजिनांचा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. चालकाच्या आसनावरून पुढे पाहताना डाव्या हाताला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या हाताला २, ४, ६, ८ असे सिलिंडर मोजतात. हा क्रम टोपीवर गोलाकार फिरत जातो. एवढ्या बारकाईने पाहणारा प्रेक्षक क्वचितच भेटतो, तरी मी क्रमानेच तारा लावतो, कारण तसे केल्याने त्या खऱ्यासारख्या एकमेकींना ओलांडतात आणि त्यांची जुडी नैसर्गिक दिसते. जुन्या मॅग्नेटोंमध्ये कॉइल आतच असल्याने बाहेरून येणारी नववी तार नसे. अलीकडच्या नायट्रो इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि पुढे दोन मॅग्नेटो असतात, म्हणजे तेथे सोळा तारा लागतात.

आता इंधनाचा मार्ग पाहू. फनी कारमध्ये टाकी इंजिनाच्या पुढे, नाकाजवळ असते. तिच्या तळातून जाड नळी इंजिनाच्या पुढच्या बाजूला असलेल्या पंपाकडे जाते. पंपातून निघालेले इंधन वर, सुपरचार्जरच्या डोक्यावरील इंजेक्टरला जोडलेल्या झडपेकडे जाते; तेथून ते एका छोट्या ठोकळ्यात वाटले जाते आणि बारीक नळ्यांनी इंजेक्टरमधील तसेच खाली मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागातील) तोट्यांपर्यंत पोहोचते. जे इंधन लागत नाही ते दुसऱ्या नळीने टाकीत परतते. ही परतीची नळी बहुतेक मॉडेलवर राहून जाते. इंजेक्टरच्या झडपा उघडणारी दांडी किंवा केबल चालकाच्या पायाकडे जाते, आणि व्हॉल्व्ह कव्हरवरच्या नळ्या तेल गोळा करणाऱ्या एका छोट्या डब्यात उतरतात. नायट्रोमेथेन जाळणाऱ्या इंजिनाला काही सेकंदच काम करायचे असते आणि भरमसाट आत जाणारे इंधनच त्याला थंड ठेवते, म्हणून तेथे रेडिएटर नसतो, त्याचे पाइप नसतात आणि पंखाही नसतो. सवयीने ते जोडू नयेत.

सुपरचार्जरचा उगम जनरल मोटर्सच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनात आहे. ६-७१ या नावात सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच हा अर्थ आहे. किटमध्ये तो बहुधा दोन अर्धांत येतो आणि त्याच्या आडव्या फासळ्यांवरून जोडरेषा जाते. ती कानशीच्या कडेने प्रत्येक खाचेत स्वतंत्रपणे काढावी लागते. काम कंटाळवाणे आहे, पण गाडीकडे पाहणाऱ्याची नजर सर्वप्रथम येथेच पडते. पुढचा पट्टा आतून दातेरी आणि बाहेरून सपाट असतो. त्याला मंद काळा रंग द्यावा आणि पुलीच्या कडा धातूच्या रंगात ठेवाव्यात.

किटमधील क्रोमविषयी माझी भूमिका कठोर आहे: बहुतेक ते काढून टाकावे. त्याच्याखाली साच्याच्या रेघा तशाच राहतात आणि वेगवेगळ्या धातूंचे भाग एकसारखे आरशासारखे चमकतात, जे खऱ्या इंजिनात होत नाही. घरगुती ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवले की काही मिनिटांत ते काही तासांत क्रोम उतरते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचमध्ये आम्ल, अमोनिया किंवा दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. त्यानंतर चार-पाच धातूच्या छटा वापरून रंगवावे: सुपरचार्जर घासलेल्या ॲल्युमिनियमसारखा, मॅनिफोल्ड ओतीव आणि मंद, व्हॉल्व्ह कव्हर चकचकीत, ऑइल पॅन किंचित गडद. फासळ्यांमध्ये पातळ काळ्या रंगाचा ओघळ सोडून वरचा भाग पुसला की खोली दिसते.

हेडरची टोके पोकळ केल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुईने मधोमध खूण करावी, आधी बारीक पात्याने छिद्र पाडावे, मग क्रमाने मोठे पाते घेऊन दोन मिलिमीटर खोल जावे आणि शेवटी चाकूच्या टोकाने कडा पातळ करावी. उष्णतेचे रंग देताना सिलिंडर हेडजवळ निळसर जांभळी छटा ठेवावी आणि बाहेर येताना ती गवताच्या पिवळ्या रंगाकडे न्यावी, कारण तापलेले पोलाद कमी उष्णतेवर पिवळे आणि अधिक उष्णतेवर निळे पडते. छटा अतिशय पातळ असाव्यात.

बॉडी आणि रंग

बॉडीवरील साच्याच्या रेघा कोपऱ्यांवरून आणि छताच्या खांबांवरून जातात. त्या ६०० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने ओल्या घासाव्यात, प्राइमर मारावा, आडव्या उजेडात धरून उणिवा शोधाव्यात, आणि पुन्हा घासावे. प्राइमर केवळ रंग धरण्यासाठी नसतो; तीव्र लॅकर थेट प्लॅस्टिकवर मारले तर पृष्ठभाग भेगाळतो, आणि लाल प्लॅस्टिकमधला रंग वरच्या पांढऱ्या थरात झिरपून गुलाबी छटा येऊ शकते. अशा वेळी मध्ये चंदेरी रंगाचा थर द्यावा.

त्या काळच्या फनी कारवर कँडी रंग फार आढळतो. चंदेरी किंवा सोनेरी थरावर पारदर्शक रंग चढवत नेला की तो आतून उजळल्यासारखा दिसतो. येथे प्रत्येक थराबरोबर छटा गडद होते, म्हणून हात सारख्याच वेगाने फिरवावा, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावा आणि छत, बाजू, नाक यांवर थर मोजून द्यावेत. फवाऱ्याचा डबा साधारण वीस ते पंचवीस सेंटिमीटरवर धरावा. डबा आधी कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवला तर फवारा बारीक पडतो; गरम पाणी किंवा आच मात्र कदापि वापरू नये. दमट हवेत लॅकरवर पांढुरका पडदा येतो, त्यामुळे पावसाळी दिवशी हे काम पुढे ढकलावे. रंग वाळला का हे बोटाने तपासू नये. बॉडी नाकाशी धरावी. जोवर रंगाचा वास येतो तोवर तो आतून वाळलेला नाही. एनॅमलला यासाठी अनेक दिवस लागतात, आणि अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर लॅकर मारल्यास सुरकुत्या पडतात.

बॉडीची आतली बाजू विसरू नये, कारण बॉडी उचललेल्या स्थितीत ठेवणार असाल तर ती तितकीच दिसते. तेथे फायबरग्लासचा करडा रंग किंवा काळा रंग असतो आणि चालकाभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या भिंती असतात. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल पातळ पुठ्ठ्यावर चिकटवून हे पत्रे उत्तम जमतात.

डेकल

प्रायोजकांची नावे आणि रंगांचे पट्टे यांवरच गाडीची ओळख अवलंबून असते. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) नेहमी चकचकीत पृष्ठभागावर लावावेत, खरखरीत रंगावर त्यांच्याखाली हवा अडकून चांदीसारखे डाग दिसतात. एका वेळी एकच डेकल कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवावे, कागदावरच मोकळे होऊ द्यावे आणि ओल्या ब्रशने जागेवर सरकवावे. डेकल नीट बसवणाऱ्या द्रव्यांपैकी मायक्रो सेट आधी पृष्ठभागावर लावतात आणि मायक्रो सोल नंतर डेकलवर. दुसऱ्याने डेकल मऊ होऊन आक्रसते आणि भयंकर सुरकुतते, पण त्याला हात लावू नये, वाळताना ते आपोआप बसते. राहिलेले बुडबुडे सुईने टोचून पुन्हा थेंब सोडावा. चाकाच्या कमानीवरून जाणारा लांब पट्टा अखंड लावण्याचा हट्ट धरू नये, कमानीपाशी कापून दोन तुकड्यांत लावावा.

जुन्या किटमधील डेकल पिवळे पडलेले असतात. पारदर्शक पिशवीत घालून ते काही दिवस उन्हाच्या खिडकीला चिकटवून ठेवले तर पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्यापूर्वी त्यांची प्रत काढून ठेवावी. संपूर्ण गाडीवर क्लिअर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, मारण्याआधी नको असलेले एक डेकल प्लॅस्टिकच्या चमच्यावर लावून त्यावर तोच क्लिअर मारून पाहावा; काही क्लिअर डेकलला आक्रसवतात आणि ते समजण्याची योग्य जागा बॉडी नव्हे. पहिले दोन थर अगदी पातळ, जवळजवळ कोरडे द्यावेत.

आसन, चाके आणि पॅराशूट

खऱ्या गाडीतील सुरक्षा पट्टा तीन इंच रुंद असतो, म्हणजे मॉडेलवर तो तीन मिलिमीटर होतो. रंगवलेली मास्किंग टेप किंवा पातळ रिबन यांतून खांद्याचे दोन, कमरेचे दोन आणि मांड्यांमधला एक असे पट्टे करावेत, आणि ते आसनावर सैल पडलेले दाखवावेत. रोलकेजवर (चालकाभोवतीच्या संरक्षक नळ्यांच्या पिंजऱ्यावर) डोक्याजवळ गादी असते, तेथे काळ्या रंगाची मऊ टेप गुंडाळावी. गाडी थांबवणाऱ्या पॅराशूटची थैली किटमध्ये घट्ट ठोकळ्यासारखी येते. पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात भिजवलेला टिश्यू पेपर तिच्यावर घडी घालून बसवला की कापडाचा भास होतो. थैलीतून निघणारी केबल चालकाच्या हाताशी असलेल्या खटक्यापर्यंत न्यावी.

मागच्या स्लिकला नक्षी नसते. साच्याची मधली रेघ जाईपर्यंत ते ३२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरवर फिरवावेत, त्यामुळे बर्नआउटनंतरचा (शर्यतीआधी मागची चाके जागीच फिरवून तापवल्यानंतरचा) मंद करडा-काळा पोतही आपोआप मिळतो. मळवण्याचा मोह आवरावा. स्पर्धेतील संघ दोन फेऱ्यांच्या मध्ये गाडी पुसत असत. मागच्या चाकांच्या कमानींत रबराची थोडी काळी धूळ आणि क्लचच्या आवरणाभोवती पुसट काजळी एवढे पुरेसे आहे.

अखेरची जुळवणी

इंजिन, मग हेडर, मग नळ्यांची मोकळी टोके, मग आसन, चाके आणि सर्वांत शेवटी काचा, असा क्रम ठेवावा. बॉडी उचलून धरणारी दांडी किटमध्ये असेल तर तिच्याऐवजी एक मिलिमीटरची धातूची तार वापरावी, कारण प्लॅस्टिकची दांडी बॉडीच्या वजनाने कालांतराने वाकते. व्हिनाइलचे टायर स्टायरीनला वर्षानुवर्षे टेकून राहिले तर त्यातील मऊपणा आणणारे द्रव्य प्लॅस्टिक वितळवते. म्हणून रिमच्या आतल्या बाजूला रंगाचा थर किंवा फॉइल असावी, आणि मॉडेल पारदर्शक पेटीत ठेवताना टायरखाली प्लॅस्टिकचा तळ येऊ न देता काच किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवावा.